पिनोकियो व मागे राहिलेली मुले

गेल्या पावसाळ्यातील एका शनिवारी मैदानात चिखल झाल्यामुळे कवाईत बंद ठेवावी लागली. त्या फावल्या वेळात इयत्ता सातवीच्या मुलांस आम्ही ‘पिनोकियो’ हा चित्रांचा बोलपट दाखविला. लहानपणी आम्हांस अत्यंत प्रिय असलेली ही गोष्ट आजच्या मुलांस कितपत रुचेल, ह्याविषयी मनात शंका होतीच. कारण हल्लीच्या चित्रपटांतील धावपळ व गडगडाट ह्यांच्या मानाने ह्याची चाल संथ आहे. परंतु मुले शेवटपर्यंत स्तब्ध बसून होती. खेळ संपला, दिवे लागले, आणि आम्ही फळ्याकडे वळून शिक्षकांचा नेहमीचा प्रश्न लिहू लागलो : ‘ह्या कथेपासून कोणता बोध मिळतो?’ तो लिहून पुरा होण्यापूर्वीच मागल्या बाकावरून एका मुलाने विचारले, “सर, बाकीच्या गाढवांचे पुढे काय झाले?”

वर्ग हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही. हा बोलपट आम्ही आजवर निदान दहा-बारा वेळा तरी पाहिला असेल. परंतु हा प्रश्न आपण कधी कोणास मोठ्याने विचारला नाही, हे त्या क्षणी आमच्या ध्यानी आले. पुढे जे लिहिले आहे ते त्या मुलास द्यावयाच्या उत्तराच्या शोधात लिहिले आहे.

मूळ कथा इटलीची. कार्लो कोलोदी ह्या लेखकाने ती १८८१ पासून मुलांच्या एका नियतकालिकात क्रमशः लिहिली व १८८३ साली ती पुस्तकरूपाने निघाली. कोलोदी हे टोपणनाव असून ते त्याने आपल्या आईच्या गावावरून घेतले होते; खरे आडनाव लोरेंझिनी. ह्या पुस्तकावरून अमेरिकेत वॉल्ट डिस्ने ह्यांच्या चित्रशाळेने जो बोलपट तयार केला, तो ७ फेब्रुवारी १९४० रोजी न्यूयॉर्क येथे प्रथम दाखविण्यात आला. ‘स्नो व्हाइट’च्या मागून आलेला हा त्यांचा पूर्ण लांबीचा दुसरा चित्रपट. तो ८८ मिनिटांचा आहे. एका सेकंदास २४ ह्या हिशेबाने सव्वा लाखाहून अधिक चौकटी पडद्यावरून सरकून जातात, आणि त्यांतील चित्रे माणसांनी हातांनी काढलेली आहेत. संगीताबद्दल व गीताबद्दल त्यास अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिके मिळाली. पण युरोपात १९३९ साली महायुद्ध पेटल्यामुळे तिकडील चित्रगृहे हातची गेली व आरंभी ह्या खटाटोपात तोटाच आला.

त्याच्या निर्मितीची एक हकिकत शिक्षकाच्या धंद्यातील माणसाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सन १९३८ मध्ये काम बरेच पुढे गेले असता डिस्नेंनी ते थांबविले. तोपर्यंत रेखाटलेला पिनोकियो अगदीच लाकडी, उर्मट व आडदांड वाटत होता. त्याच्याविषयी कोणास माया वाटेना. तेव्हा मिल्ट काल नावाच्या एका तरुण चित्रकाराने आधी साधा मुलगा काढला आणि मग त्यास लाकडी सांधे व लांबट नाक जोडले. त्यासरशी सगळे चित्र जिवंत झाले. आम्ही शिक्षक पुष्कळदा ह्याच्या उलट करतो. आधी लाकूड पाहतो. मुलगा दिसलाच तर मागाहून.

कथासूत्र थोडक्यात असे. जेपेटो नावाचा एक म्हातारा लाकडाची घड्याळे व खेळणी कोरीत असतो. एका रात्री तो आपल्या नव्या कळसूत्री बाहुल्याकडे पाहून ताऱ्याजवळ इच्छा करतो की, हा खरा मुलगा व्हावा. रात्री निळी परी येऊन बाहुल्यास चालविते, बोलविते. परंतु खरा मुलगा होण्यासाठी तू शूर, सत्यवादी व निःस्वार्थी आहेस हे सिद्ध केले पाहिजे, अशी अट घालते. सोबतीस जिमिनी नावाचा एक रातकिडा देते व त्यास बाहुल्याच्या सदसद्विवेकबुद्धीचे काम सांगते. दुसऱ्या दिवशी पाटी-पुस्तक घेऊन शाळेस निघालेला हा बाहुला वाटेत एका कोल्ह्याच्या व मांजराच्या नादी लागतो, आणि शाळा राहते बाजूला.

आता नाकाविषयी. पिनोकियो म्हटला की लोकांस नाक आठवते. घरोघरी आया मुलांस सांगतात, खोटे बोललास तर नाक वाढेल. वस्तुतः सबंध बोलपटात नाक वाढण्याचा प्रसंग एकदाच येतो. स्ट्रॉम्बोली ह्या खेळवाल्याने बाहुल्यास पिंजऱ्यात कोंडले असता परी येऊन विचारते, शाळेस का गेला नाहीस? तेव्हा तो थापा मारू लागतो; थापेगणिक नाक लांबते, त्यास फांद्या फुटतात, पाने येतात, आणि शेवटी त्यावर पाखरांचे घरटेदेखील दिसू लागते. हा प्रसंग विनोदी आहे, मुले खदखदून हसतात. परंतु चाळिशी उलटल्यावर आम्हांस तो ह्या कथेतील सर्वांत दुबळा भाग वाटू लागला आहे. खोटे बोलणाऱ्याचेच नाक वाढत असते तर जगात न्यायाधीशांची गरज काय होती? त्याच्या खोट्याची किंमत दुसऱ्यास द्यावी लागते, ही खरी अडचण. नाकाच्या प्रसंगात ती कोठेच दिसत नाही, पुढे दिसते.

रातकिड्याचे प्रकरण मात्र फार मार्मिक साधले आहे. परीने नेमणूक केल्यावर पहिल्याच दिवशी हे महाशय झोपून राहतात. जागे होऊन धावत सुटेपर्यंत बाहुला कोल्ह्याच्या हाती सापडलेला असतो. त्याहून खोल गोष्ट पुढे आहे. स्ट्रॉम्बोलीच्या खेळात पिनोकियो दोऱ्यांवाचून नाचतो, टाळ्यांचा पाऊस पडतो, पैसे उधळले जातात. आणि ते पाहून रातकिडा आपल्या मनाशी म्हणतो की, आपलाच समज चुकीचा होता, यशस्वी नटास आपली काय जरूर. आणि निघून जातो. विवेक गप्प बसतो तो पुष्कळदा संकटात नव्हे, टाळ्यांच्या वेळी. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलास रागे भरण्याचे धैर्य आमच्यापैकी किती शिक्षकांस होते? जाता जाता हेही सांगितले पाहिजे की, कोलोदीच्या मूळ पुस्तकात हा बोलणारा रातकिडा चौथ्याच प्रकरणात उपदेश करू लागताच बाहुला लाकडी हातोडा फेकून त्यास भिंतीवर ठार करतो. डिस्नेंनी त्यास टोपी, छत्री व गोड गळा देऊन कथाभर सोबतीस ठेवले. ते रम्य आहे खरे. पण आपल्या अंतःकरणातील आवाज इतका मनमिळाऊ असता तर आपण त्यास मारण्यास हातोडा शोधलाच नसता.

आणि आता मौजेचे बेट. एक लठ्ठ, तांबड्या तोंडाचा गाडीवान रात्रीच्या वेळी शाळा चुकविणारी मुले गाडीत भरून ह्या बेटावर नेतो. गाडीत पिनोकियोच्या शेजारी लॅम्पविक नावाचा एक धीट मुलगा बसलेला असतो. बेटावर खाऊचे ढीग, फुकट चिरूट, बिअर, बिलियर्डचे टेबल. एक सुरेख सजविलेले घर तर केवळ मोडतोड करण्यासाठी खुले ठेवलेले. येथे मनाई म्हणून कशाचीच नाही. आणि हळूहळू मुले गाढवे होऊ लागतात. लॅम्पविकला प्रथम कान फुटतात, मग शेपटी. पिनोकियो हसतो तो त्याच्याही तोंडून गाढवाचे ओरडणे निघते. लॅम्पविक आरशात आपले रूप पाहतो, मित्राच्या पाया पडतो, त्याचे हात डोळ्यांदेखत खूर होतात, आणि माणसाच्या वाणीने त्याच्या मुखातून निघालेला अखेरचा शब्द ‘आई’ हा असतो. चित्रांच्या बोलपटांत ह्याहून भयंकर प्रसंग आम्ही पाहिलेला नाही. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर बैलाप्रमाणे गवत खाऊ लागला, हे दानिएलाच्या पुस्तकात आपण वाचतो. पण नियत काळ संपल्यावर त्याची बुद्धी त्यास परत मिळाली. येथे तसे काही नाही. गाडीवान ही गाढवे पेट्यांत भरून मिठाच्या खाणींस व सर्कशींस विकतो. ज्यांस अजून बोलता येते त्यांस तो वेगळे काढतो, कारण बोलणारे गाढव विकले जात नाही. बलामाच्या गाढवीस देवाने वाचा दिली. येथे वाचा जाईपर्यंत वाट पाहिली जाते. त्या वेगळ्या काढलेल्यांत एक लहानसा मुलगा आपले नाव सांगून आईकडे जायचे म्हणून रडत असतो. गाडीवान त्यास ढकलून देतो. चित्रपट पुढे सरकतो आणि त्या मुलाकडे पुन्हा कधीही वळून पाहत नाही.

हा बोलपट आम्ही प्रथम पाहिला तो सन १९९१ मध्ये, इयत्ता पाचवीत, नगर जिल्ह्यातील एका मिशन बोर्डिंगात. व्हिडिओवर इंग्रजी शब्द चालू असत आणि आमचे मास्तर शेजारी उभे राहून मराठीत सांगत. तो पाहून आम्ही शहाणे झालो असे मात्र नाही. तीन वर्षांनी आमच्या बाकावरील एका मित्राने पुण्यास पळून जाण्याचा बेत केला. तो आमच्याहून वयाने मोठा, पोहण्यात व झाडावर चढण्यात पटाईत. अभ्यास मात्र त्यास जमत नसे. पुण्यास हॉटेलात काम मिळते, रोज सिनेमा पाहावयास मिळतो, कोणी पाढे विचारीत नाही, असे त्यास कोणी सांगितले होते. आम्हीही जावयाचे कबूल केले. पहाटे दोघे एसटी स्टँडवर गेलो. गाडी लागली, तो चढला. आम्ही पायरीवर एक पाय ठेवून भ्यालो व उतरलो. तो शौर्याने नव्हे, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे.

सुपरिंटेंडेंटसाहेबांनी चौकशी केली तेव्हा आम्ही सांगितले की, आम्हांस काही ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई भाकरीचे गाठोडे घेऊन गावाहून पायी आली. तिला कोणीतरी आमच्याकडे बोट दाखविले असावे. ओसरीवर येऊन ती म्हणाली, “लेकरा, तुला कायबी बोलला नाही का रं त्यो?” आम्ही मान हलविली. आमचे नाक होते तेवढेच राहिले. आठ दिवसांनी झोप लागेनाशी झाली तेव्हा आम्ही सर्व कबूल केले. माणसे पुण्यास गेली, पण तोवर माग निघून गेला होता. दोन वर्षांनी दिवाळीस तो आपण होऊन घरी आला. शाळेत तो पुन्हा कधीच आला नाही.

सन २०१२ मध्ये तो एकाएकी आमच्या घरी आला. मुलीस शाळेत घालावयाचे होते. अर्ज पुढे करून हसत म्हणाला, “तू भर रे, तुझं अक्षर बरं आहे.” अर्ज भरताना आम्ही त्याच्या आईची चौकशी केली, ती वारल्यास नऊ वर्षे झाली होती. एसटी स्टँडवरील ती पहाट त्यास चांगली आठवत होती. आम्ही त्याच्या आईशी काय बोललो, हे मात्र त्यास ठाऊक नव्हते. ते आम्ही त्या दिवशी सांगितले. तो बराच वेळ अर्जाकडे पाहत राहिला, मग म्हणाला, “शाई वाळली का?” आणि कागद घडी करून खिशात घातला.

असो. बोलपटाकडे वळू. रातकिड्याच्या साह्याने पिनोकियो समुद्रात उडी टाकून बेटावरून निसटतो. गाढवाचे कान व शेपटी घेऊनच तो घरी येतो, तो घर रिकामे. बाप त्यास शोधण्यास निघून गेलेला असतो व मॉन्स्ट्रो नावाच्या देवमाशाने त्यास गिळलेले असते. येथे आपणांस शास्त्रातील दोन-तीन गोष्टी एकदम आठवतात, पण त्या नीट निरखून पाहिल्या पाहिजेत. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातील बाप घरी राहून वाट पाहतो. जेपेटो घर सोडून निघतो, म्हणजे तो शंभरांतील एक मेंढरू शोधणाऱ्या मेंढपाळाच्या अधिक जवळचा आहे. योना माशाच्या पोटात गेला तो स्वतःच्या आज्ञाभंगामुळे; जेपेटो गेला तो दुसऱ्याच्या. मुलगा चुकला आणि बाप अंधारात बसला. मुले पळून गेल्यावर घरी काय होते, हे ह्याहून नेमके कोणी दाखविले आहे असे आम्हांस वाटत नाही.

शेपटीस दगड बांधून पिनोकियो समुद्राच्या तळाशी जातो. माशाच्या पोटात बापलेकांची भेट होते तेव्हा जेपेटोस गाढवाचे कान दिसतात. परंतु मुलगा परत आला ह्यापुढे तो बाकीचे मनास लावून घेत नाही. धूर करून माशास शिंक आणण्याची युक्ती मुलाचीच. तराफा फुटतो, बाप त्यास म्हणतो, मला सोड व तू वाच. मुलगा सोडीत नाही. त्यास ओढीत काठाशी नेतो आणि आपण पाण्यात पालथा पडलेला सापडतो. मग घरी, त्या निर्जीव बाहुल्याशेजारी बाप रडत असता, परीची वाणी खरी होते व तो हाडामांसाचा मुलगा होऊन उठतो. ह्या प्रसंगात सत्य, शौर्य व निःस्वार्थ बुद्धी ही तिन्ही एकाच कृतीत येतात. निरनिराळी सिद्ध करावी लागत नाहीत. परंतु घरात नाचगाणे चालू असता लॅम्पविक कोठे असतो? तो मिठाच्या खाणीत असतो. गाडीवानास शिक्षा नाही, कोल्ह्यास नाही, बेट तसेच चालू. चित्रपट सुखान्त आहे तो एकाच घरापुरता.

त्या मुलाच्या प्रश्नाने बेचैन होऊन आम्ही कोलोदीचे पुस्तक इंग्रजी भाषांतरात पुन्हा काढले, आणि शेवटल्या प्रकरणात उत्तर सापडले. पूर्वी वाचले असूनही ते आमच्या स्मरणात राहिले नव्हते. पुस्तकात पिनोकियो कान-शेपटीवर सुटत नाही. तो पुरता गाढव होतो, सर्कशीस विकला जातो, लंगडा होतो, आणि मोठ्या हालांनंतर पुन्हा बाहुला बनतो. बापास गिळणारा प्राणीही तेथे देवमासा नसून मुशीच्या जातीचा प्रचंड मासा आहे. त्याच्या पोटातून दोघे सुटतात, पण बाप आजारी व घरात दमडी नाही. पेलाभर दूध मिळावे म्हणून पिनोकियो एका मळेवाल्याकडे जातो. मळेवाला म्हणतो, रहाट फिरवून शंभर बादल्या पाणी काढ, म्हणजे दूध देतो. पिनोकियो घामाघूम होतो. असले कष्ट त्याने जन्मात केलेले नसतात. मळेवाला सांगतो की, आजवर हे काम माझे गाढव करीत असे, पण आता ते मरावयास टेकले आहे.

पिनोकियो ते पाहण्यास गोठ्यात जातो. भुकेने व कामाने खंगलेले गाढव पेंढ्यावर पडलेले असते. तो खाली वाकून गाढवाच्या भाषेत त्यास विचारतो, तू कोण? ती भाषा त्यास येते, कारण तोही एकदा गाढव होता. गाढव डोळे उघडून आपले नाव सांगते. तो लॅम्पविक असतो. नाव सांगून तो डोळे मिटतो व मरतो. पिनोकियो मूठभर पेंढा घेऊन गालावरील आसू पुसतो. मळेवाल्यास नवल वाटते. ज्या गाढवास तुझी कवडी लागली नाही त्यासाठी रडतोस का? तो माझा शाळासोबती होता, असे पिनोकियो सांगतो, आणि मळेवाला खो खो हसतो की, काय तुझी शाळा, जिथे गाढवे सोबती असतात!

त्या दिवसापासून पाच महिन्यांहून अधिक काळ पिनोकियो रोज पहाटेपूर्वी उठून तो रहाट फिरवितो. फावल्या वेळात टोपल्या विणण्यास शिकतो. रात्री फाटक्या पुस्तकावर वाचन करतो, आणि काडीस टोक काढून फळांच्या रसात बुडवून लिहितो. खरा मुलगा तो ह्यानंतर होतो. डिस्नेंच्या पटात जे एका उडीत व एका शिंकेत होते, ते कोलोदीच्या येथे मेलेल्या मित्राच्या जागी उभे राहून, बादलीमागून बादली होते. चित्रांच्या सौंदर्यात बोलपट श्रेष्ठ आहे ह्यात वाद नाही. पण प्रश्नाचे उत्तर पुस्तकाने दिले.

पुढील शनिवारी आम्ही हा गोठ्यातील प्रसंग वर्गास मराठीत सांगितला. फळ्यावरील ‘कोणता बोध मिळतो’ हा अर्धवट प्रश्न पुसून टाकला होता. मुले हसली नाहीत. मागल्या बाकावरील तो मुलगा हनुवटीखाली मुठी घेऊन ऐकत होता. आम्हांस वाटले, त्याचे समाधान झाले असेल. घंटा होण्यास दोन-चार मिनिटे राहिली असता त्याने पुन्हा हात वर केला.

“सर,” तो म्हणाला, “मग लॅम्पविकच्या आईला कोणी जाऊन सांगितले का?”

ह्याचे उत्तर कोलोदीच्या पुस्तकातही नाही. घंटा होईपर्यंत आम्ही हातात खडू घेऊन तसेच उभे राहिलो.